वैद्यकीय नोंदी संगणकावर जाव्यात, पण उरणारा कागद आधी ठरवावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयातील नोंदी कागदावर ठेवाव्यात की संगणकावर, हा वाद निघाला की एक बाजू गहाळ झालेल्या केस पेपरचे दाखले देते आणि दुसरी बंद पडलेल्या सर्व्हरचे. दोन्ही दाखले खरे आहेत. माझी सारी नोकरी रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात गेली आणि कागदाचा काळ व संगणकाचा काळ हे दोन्ही मी जवळून पाहिले, म्हणून या वादात सहसा न येणारी एक गोष्ट मांडावीशी वाटते. अर्धी नोंद कागदावर आणि अर्धी संगणकावर अशी जी व्यवस्था कोणीही न ठरवता आपोआप तयार होते, तिच्यापासून रुग्णाला सर्वांत जास्त धोका असतो. म्हणून नोंदी संगणकावर न्याव्यात आणि पुरत्या न्याव्यात. पण त्यानंतर जो कागद उरेल तो कोणता, कशासाठी आणि कोणाच्या हातात, याचा निर्णय त्याआधीच झालेला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागदाची बाजू घेणाऱ्यांनी रेकॉर्ड रूम आतून पाहावी. मोठ्या रुग्णालयात फायली नोंदणी क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांनुसार लावतात. त्यामुळे नव्या-जुन्या फायलींचा भार शंभर कप्प्यांत सारखा वाटला जातो, आणि फायलींच्या कडेला रंगीत पट्ट्या असल्या की चुकीच्या कप्प्यात शिरलेली फाईल लगेच नजरेला खुपते. फाईल बाहेर गेली की ती कोणी, कधी आणि कोणत्या वॉर्डासाठी नेली हे लिहिलेले कार्ड तिच्या जागी ठेवायचे असते. पद्धत उत्तम आहे. पण रात्री अपघात विभागातून धावत आलेला माणूस कार्ड न ठेवता फाईल घेऊन जातो आणि तेवढ्यावर सगळी शिस्त मोडते. भलत्या कप्प्यात ठेवलेली फाईल त्याच खोलीत असूनही हरवलेलीच असते, कारण ती शोधायची तर एकेक कप्पा उपसावा लागतो. शिवाय कागद एका वेळी एकाच ठिकाणी असतो; फाईल सर्जनच्या टेबलावर असेल तर ती फिजिशियनला मिळत नाही. आणि तो टिकतो असे म्हणावे, तर तेही सरसकट खरे नाही. उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर काढलेला ईसीजी काही वर्षांत फिका होत जातो, काही प्रकारच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला तर आणखी लवकर. ज्याच्या छातीत पुन्हा दुखू लागले आहे आणि ज्याचा जुना आलेख नव्याशी ताडून पाहायचा आहे, नेमक्या त्याच रुग्णाच्या फायलीतून कोरी गुलाबी पट्टी निघते, तेव्हा झेरॉक्स काढून ठेवायची कोणाला सुचली नाही याची हळहळ करण्यापलीकडे काही उरत नाही.

हस्ताक्षराचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि त्यावर होणारे विनोद मला कधीच आवडले नाहीत. इन्शुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी लिहिलेले इंग्रजी यू हे अक्षर शून्यासारखे दिसले की चार युनिटांचे चाळीस होतात. दशांश चिन्हाच्या आधी शून्य लिहिले नाही आणि टिंब पुसट उमटले, की अर्ध्या मिलिग्रॅमचे पाच मिलिग्रॅम होतात. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९९५ मध्ये एका हृदयरुग्णाला आयसॉर्डिल हे औषध लिहून दिले होते. औषध देणाऱ्याने ते प्लेंडिल असे वाचले आणि आयसॉर्डिलची मात्रा त्या भलत्याच औषधाला लागू झाली. प्लेंडिलच्या कमाल मात्रेच्या ती कितीतरी पट होती. तो रुग्ण दगावला. १९९९ मध्ये तेथील ज्यूरीने केवळ औषध देणाऱ्याला नव्हे, तर न वाचता येणारे अक्षर लिहिणाऱ्या डॉक्टरलाही जबाबदार धरले. त्याच वर्षी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने आपल्या अहवालात अंदाज मांडला की त्या देशातील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या वैद्यकीय चुकांमुळे वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसे मरण पावतात. या आकड्यावर पुढे बराच वाद झाला, पण नोंदींच्या संगणकीकरणाला खरा रेटा मिळाला तो या अहवालानंतर.

संगणकाने काय साधले, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात डॉक्टरांनी औषधे हाताने लिहिण्याऐवजी संगणकावर नोंदवायला सुरुवात केल्यानंतर औषधांच्या गंभीर चुका निम्म्याहून कमी झाल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ही घट ५५ टक्के होती. २००५ मध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेले, तेव्हा कित्येक दवाखान्यांतील कागदी फायलींचा लगदा झाला. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयांच्या नोंदी मात्र संगणकावर होत्या. तेथील बॅकअप दुसऱ्या शहरात नेऊन चालू करण्यात आला आणि परगावी आसरा घेतलेल्या रुग्णांची औषधे, ॲलर्जी आणि जुने रिपोर्ट तेथल्या डॉक्टरांना काही दिवसांतच दिसू लागले. मधुमेहाचा किंवा कर्करोगाचा उपचार अर्ध्यावर असताना घरदार सोडावे लागलेल्या माणसाला याचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको.

मात्र संगणक जुन्या चुका पुसतो तशा नव्या चुकाही घडवतो, आणि त्या कशा घडतात हे बारकाईने पाहिल्याशिवाय कोणत्याही रुग्णालयाने खरेदीचा निर्णय घेऊ नये. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१३ मध्ये घडलेली घटना या दृष्टीने प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवावी अशी आहे. सोळा वर्षांच्या एका मुलाला जंतुसंसर्ग टाळण्यासाठी नेहमीची एक गोळी द्यायची होती. त्याचे वजन ४० किलोहून थोडे कमी असल्यामुळे संगणकाने वजनानुसार मात्रा काढली, ती बाजारात मिळणाऱ्या १६० मिलिग्रॅमच्या गोळीशी तंतोतंत जुळेना. फार्मासिस्टने डॉक्टरला मात्रा दुरुस्त करून पुन्हा नोंदवायला सांगितले. डॉक्टरने १६० हा आकडा टाकला. पण पडद्यावरचे एकक त्या वेळी ‘मिलिग्रॅम’ नव्हते, ‘दर किलो वजनामागे मिलिग्रॅम’ असे होते. संगणकाने आज्ञाधारकपणे गुणाकार केला आणि एका गोळीच्या साडेअडतीस गोळ्या झाल्या. इशारा आला होता, पण दिवसभर येणाऱ्या असंख्य इशाऱ्यांसारखाच तोही दिसला आणि तोही मिटवला गेला. औषधे भरणाऱ्या यंत्रमानवाने साडेअडतीस गोळ्या बिनचूक बांधल्या. रात्रपाळीच्या नर्सला शंका आली; तिने बारकोड तपासला, आणि बारकोडने मात्रा बरोबर असल्याचे सांगितले. मुलाने गोळ्या घेतल्या, काही तासांनी त्याला आकडी (फिट) आली. सुदैवाने तो वाचला.

या साखळीत कोणीही निष्काळजी नव्हते, ही त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. कागदाच्या काळात वॉर्डातील अनुभवी सिस्टरने अडतीस गोळ्या हातात घेऊन डॉक्टरला फोन केला असता. संगणकाने आधीच ‘बरोबर’ म्हटल्यामुळे माणसाच्या शंकेचे वजन कमी झाले. औषधसुरक्षेच्या इशाऱ्यांपैकी ४९ ते ९६ टक्के इशारे डॉक्टर बाजूला सारतात, असे २००६ मधील एका आढाव्यात दिसून आले होते, आणि मला त्यात डॉक्टरांचा दोष कमी व इशारे रचणाऱ्यांचा जास्त दिसतो. क्षुल्लक गोष्टीलाही लाल चौकट आणि जीवघेण्या मात्रेलाही तीच लाल चौकट, अशी रचना असेल तर डोळा सरावतो.

संगणक कसा आणला यावर किती अवलंबून असते, याचे आणखी एक ठळक उदाहरण पिट्सबर्गच्या बालरुग्णालयातले आहे. तेथे २००२ मध्ये अवघ्या काही दिवसांत औषध नोंदवण्याची नवी संगणकीय पद्धत सुरू केली. बाहेरून हलवून आणलेल्या अत्यवस्थ बालकांमधील मृत्यूचे प्रमाण त्यानंतर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे तेथील डॉक्टरांनीच २००५ मध्ये प्रसिद्ध केले. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच औषधे तयार ठेवली जात. नव्या पद्धतीत मूल दाखल होऊन त्याची नोंदणी होईपर्यंत औषध मागवताच येत नव्हते. अतिदक्षता विभागातील औषधे मध्यवर्ती फार्मसीत नेली होती आणि डॉक्टर-नर्स मुलाच्या खाटेपासून दूर, पडद्यापुढे बसून होते. याच्या उलट, स्टॅनफर्डच्या बालरुग्णालयाने अशीच पद्धत दीर्घ तयारीनंतर आणली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो खाटेजवळच्या कामाचा क्रम आधी पाहिला की नाही, यात.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. बहुतेक रुग्णालये यांपैकी कोणत्याच मार्गाने जात नाहीत. ती अर्धवट जातात. बिले आणि लॅबचे रिपोर्ट संगणकावर येतात, कारण तेथे सोय लगेच दिसते. टीपीआर चार्ट (ताप, नाडी आणि श्वासाचा तक्ता), नर्सिंग नोट्स आणि भूल देतानाचा तक्ता कागदावरच राहतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाला वेदनाशामक इंजेक्शन दिले जाते, त्याची नोंद भुलेच्या कागदी तक्त्यावर होते. रुग्ण वॉर्डात येतो. वॉर्डातील सिस्टर संगणक उघडते, तेथे ‘अद्याप दिले नाही’ असे दिसते, आणि तेच औषध पुन्हा दिले जाते. ॲलर्जी केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईत ठळक लिहिलेली असते, पण औषध संगणकावर नोंदवणाऱ्या निवासी डॉक्टरच्या हातात तो केस पेपर नसतो. दोन्ही ठिकाणी प्रत्येकाने आपले काम चोख केलेले असते. नोंद दोन ठिकाणी तुटलेली असते एवढेच. यावर उपाय म्हणून मग चिठ्ठ्या येतात, तळहातावर पेनाने लिहिलेले आकडे येतात, मोबाइलवर पाठवलेले फोटो येतात, आणि नोंदीची तिसरी, कोणाच्याच हिशेबात नसलेली जागा तयार होते.

याच अर्धवटपणाचा आणखी एक प्रकार म्हणजे जुने केस पेपर स्कॅन करून ‘आम्ही डिजिटल झालो’ असे जाहीर करणे. स्कॅन केलेले पान म्हणजे कागदाचा फोटो. त्यात ‘पेनिसिलिन’ शोधून सापडत नाही, त्यातली ॲलर्जी वाचून संगणक इशारा देऊ शकत नाही, त्यातल्या दहा वर्षांच्या क्रिॲटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीतील आकड्याचा) आलेख निघत नाही. उलटी-सुलटी, तिरकी, एकावर एक चढलेली चारशे पाने पडद्यावर एकेक करून पाहणे हे हातात फाईल घेऊन पाने चाळण्यापेक्षाही कठीण जाते. स्कॅनिंग जरूर करावे, पण त्याआधी कोणीतरी जाणत्या माणसाने ॲलर्जी, मोठे आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे एवढा गाभा वाचून संगणकात रीतसर भरला पाहिजे. हे काम वेळखाऊ आहे आणि निविदेत त्याला सहसा जागाच नसते.

नोंद संगणकावर पूर्णपणे गेली तरी ती वाचण्याजोगी असेल याची खात्री नाही, आणि येथे डॉक्टरांशी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. कालची नोंद उचलून आजच्या तारखेखाली चिकटवण्याची सोय संगणकाने दिली आणि ती मोहक ठरली. सॅन फ्रान्सिस्कोच्याच विद्यापीठ रुग्णालयातील दैनंदिन नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील मजकुरापैकी केवळ १८ टक्के मजकूर त्या वेळी टंकलेला होता, बाकीचा कॉपी केलेला किंवा आपोआप ओढलेला. तिसऱ्या दिवशी काढलेली लघवीची नळी आठव्या दिवशीच्या नोंदीतही शाबूत असते, ती अशी. अमेरिकेतील डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी १९६८ मध्ये रुग्णाच्या तक्रारी-समस्यांची यादी करून प्रत्येक समस्येखाली विचार मांडण्याची पद्धत सुचवली होती. पुढच्या माणसाला लिहिणाऱ्याचा विचार कळावा, हा तिचा हेतू होता. आजच्या लांबलचक छापील नोंदीत आकडे असतात, विचार नसतो. डॉक्टरांची बाजूही खरी आहे: २०१६ च्या एका अमेरिकी पाहणीत त्यांच्या कामाच्या वेळेपैकी २७ टक्के वेळ रुग्णांपुढे आणि ४९ टक्के वेळ संगणक व कागदी कामात जात होता. तेव्हा नोंद लांब नको, नेमकी हवी, हे धोरण रुग्णालयाने ठरवावे आणि बिलासाठी लागणाऱ्या रकान्यांचा बोजा डॉक्टरांच्या नोंदीवरून उतरवावा.

मग कागदाचे काय? माझ्या मते तो दोनच ठिकाणी ठेवावा, पण तेथे मात्र नेटाने ठेवावा.

पहिली जागा संगणक बंद पडण्याच्या दिवसासाठी. १४ मे २०२१ रोजी आयर्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि देशभरातील यंत्रणा बंद करावी लागली. काही आठवड्यांपूर्वी एका कर्मचाऱ्याने ईमेलबरोबर आलेली एक फाईल उघडली होती, तेथून शिरकाव झाला होता. रक्ततपासणीचे निकाल हाताने लिहून, कागद घेऊन वॉर्डांत पळवावे लागले आणि सारे पूर्ववत होण्यास काही महिने गेले. असा दिवस कोणत्याही रुग्णालयावर येऊ शकतो, हल्ल्यामुळे नसला तरी जळालेल्या केबलमुळे. त्या दिवशी लागणारे औषधांचे तक्ते, ऑर्डर शीट आणि रक्तपेढीचे मागणीपत्र छापून प्रत्येक वॉर्डातील ठरलेल्या कपाटात असावे. दाखल रुग्णांच्या चालू औषधांची यादी ठरावीक तासांनी एखाद्या स्वतंत्र संगणकावर आपोआप उतरत राहावी, म्हणजे सर्व्हर गेला तरी ती छापता येईल. आणि वर्षातून काही वेळा, आगीच्या सरावासारखाच, कागदावर काम करण्याचा सराव व्हावा. आजच्या कित्येक तरुण सिस्टर आणि निवासी डॉक्टरांनी कागदी औषध तक्ता कधी भरलेलाच नसतो. तो पहिल्यांदा भरण्याची वेळ गोंधळाच्या रात्री येऊ नये. यंत्रणा परत सुरू झाल्यावर कागदावरची नोंद संगणकात कोणी आणि किती वेळात भरायची, हेही लेखी ठरलेले असावे, नाहीतर तो अर्धवटपणा पुन्हा मागल्या दाराने येतो.

दुसरी जागा रुग्णाच्या हातात. डिस्चार्जच्या वेळी आणि दीर्घ आजाराच्या प्रत्येक फेरीत एक पान, फार तर दोन, छापून द्यावे: निदान, झालेली शस्त्रक्रिया, ॲलर्जी, चालू औषधे मात्रेसह, कोणते औषध नव्याने सुरू केले, कोणते बंद केले आणि का, आणि कोणता रिपोर्ट यायचा बाकी आहे. ते रुग्णाला समजेल अशा भाषेत असावे. दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरपुढे, नेटवर्क नसताना, पासवर्ड आठवत नसताना हे पान कामाला येते. आणखी एक लाभ असा की रुग्ण ते वाचतो आणि चूक दाखवतो. अमेरिकेत आपल्या नोंदी ऑनलाइन वाचणाऱ्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाचांपैकी एकाला नोंदीत चूक आढळली, आणि त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक लोकांना ती गंभीर वाटली. उजव्या गुडघ्याऐवजी डावा लिहिला आहे, हे ज्याचा गुडघा दुखतो त्याच्याइतके लवकर कोणाला कळणार?

गोपनीयतेबद्दल थोडक्यात लिहिते. कागद फुटतो तो एकेक. संगणकातून सारेच एकदम बाहेर पडू शकते. फिनलंडमधील वास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या संस्थेतून तीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या, आणि २०२० मध्ये चोराने थेट रुग्णांना ईमेल पाठवून पैसे मागितले. समुपदेशकापाशी खाजगीत बोललेली वाक्ये उघड करण्याची धमकी होती. पण कागदात नसलेले एक संरक्षणही संगणक देऊ शकतो. एस्टोनियात २००८ पासून राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणाली आहे आणि तेथे आपली नोंद कोणी, केव्हा उघडली हे प्रत्येक नागरिकाला पाहता येते. कागदी फाईल कोणी चाळली हे रेकॉर्ड रूमला कधीच कळत नव्हते. ही सोय प्रत्येक प्रणालीत सक्तीची असावी, आणि एकाच लॉगिनवर सगळा वॉर्ड काम करतो ही प्रथा बंद झाली पाहिजे, कारण मग नोंद कोणी उघडली याच्या यादीला काहीच अर्थ उरत नाही.

शेवटची बाब खरेदी करणाऱ्यांसाठी आहे. सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी बंद पडेल किंवा करार संपेल तेव्हा नोंदींचे काय होणार, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारावा. लहान मुलाच्या लसीकरणाची किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेची नोंद अनेक दशकांनी लागू शकते. कोणतेही सॉफ्टवेअर तेवढे जगत नाही. क्ष-किरण आणि स्कॅनच्या प्रतिमांसाठी डायकॉम, माहितीच्या देवाणघेवाणीसाठी एचएल-सेव्हन या संस्थेचे एफएचआयआर अशी खुली मानके उपलब्ध आहेत. पुरवठादाराने ‘आम्ही मानके पाळतो’ असे लिहून देणे पुरेसे नाही. करारावर सही करण्याआधी पाच-दहा काल्पनिक रुग्णांच्या संपूर्ण नोंदी त्याच्या प्रणालीतून बाहेर काढून दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीत घालून दाखवायला सांगावे, औषधांच्या मात्रा, एकके आणि तारखा जशाच्या तशा पोहोचल्या का हे रेकॉर्ड विभागाच्या माणसाने आणि एका नर्सने मिळून ओळीओळीने तपासावे, आणि ही तपासणी उत्तीर्ण होईपर्यंत जुन्या फायलींचा एकही गठ्ठा रद्दीत काढू नये.

आपली विश्वासू,
रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातील एक निवृत्त कर्मचारी